शेवट मीच लिहिला होता

शोभाताई, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दाजींनी भाषण केलं.

वंदना झाली, भंतेजी चार शब्द बोलले, तुझ्या कंपनीतल्या दोघी बोलल्या. मग कुटुंबापैकी कुणाला बोलायचंय का, असं विचारलं गेलं. मी मान खाली घातली. लिहिणारा माणूस म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते, ते मला टाळूवर जाणवत होतं. तेवढ्यात दाजींनी डावा हात वर केला. माईक त्यांच्या तोंडापाशी धरावा लागला. अर्ध्या तोंडानं, एकेक शब्द गोळा करत ते म्हणाले, "चौदा वर्षं... तिनं माझी वाट बघितली. असं माणूस... मिळत नाही."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आई हुंदके देऊन रडली. तुझी प्रणाली उठली, बाहेर गेली आणि चपला घालून कठड्याला टेकून उभी राहिली. पुन्हा आत आली नाही.

तू त्यांची वाट बघत होतीस हे खरंच होतं. कशासाठी बघत होतीस, हे त्या हॉलमध्ये तिघांनाच माहीत आहे असं मला वाटत होतं. मला, प्रणालीला आणि कंपनीत लाइनवर तुझ्या शेजारी बसणाऱ्या शहनाजला. तिघंही गप्प बसलो. प्रणाली निदान उठून तरी गेली. मी शेवटपर्यंत बसलो, सगळ्यांना खीर वाढली, "ताई फार सोसणारी होती हो" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हात जोडले.

सोसणारी! तुला हा शब्द ऐकू आला असता तर म्हणणाऱ्या बाईच्या हातातली वाटी काढून घेतली असतीस.

*

चिंचवड स्टेशनवर तू मला ते सांगितलंस. कामशेतला आत्याच्या नातीचं लग्न होतं, लोणावळ्याकडे जाणारी लोकल उशिरा होती, आणि तू बाकावर बसून शेंगा सोलत होतीस. टरफलं कागदात गोळा करत होतीस. फलाटावर टाकलेलं तुला चालायचं नाही. प्रणाली त्या वर्षी बारावी झाली होती. मी सहज विचारलं, "ताई, पोरगी मार्गी लागली. आता तुला स्वतःला काय पाहिजे?"

मला वाटलं, बोधगया म्हणशील. नाहीतर पाटल्या.

"विलास एकदा परत यावा," तू म्हणालीस.

मी दचकलो. दाजींचं नाव तू आठ वर्षांत उच्चारलं नव्हतंस. प्रणाली चौथीत असताना ते पहिल्या शिफ्टला म्हणून डबा घेऊन गेले, ते सोलापूरकडे दुसऱ्या बाईच्या घरी पोचले. तेव्हापासून आपल्या घरात विलास नावाचा माणूस नव्हता.

"यावा, बेल वाजवावी. मी दार उघडीन, तोंड बघीन त्याचं. आणि दार लावीन."

"एवढंच?"

"एवढंच. शिव्या नाही, रडारड नाही. त्या दिवशी तो गेला तेव्हा त्याच्यामागं दार मीच लावलं होतं रे. भाजी करपत होती म्हणून घाईत लावलं. मला काय माहीत तो कुठं चाललाय! मला ते दार परत एकदा लावायचंय. माहीत असताना."

एवढं बोलून तू पुढची शेंग फोडलीस.

आणि मी काय केलं, तर "जरा जाऊन येतो" म्हणून उठलो. तुला वाटलं लघवीला गेला. मी फलाटाच्या टोकाला जाऊन तुझं बोलणं जसंच्या तसं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं. 'माहीत असताना' हे दोन शब्द विसरून जाईन, याची मला धास्ती लागली होती. तेवढ्यात गाडी आली आणि गेली. तू माझ्यावर सगळ्या फलाटासमोर ओरडलीस, "एवढा वेळ काय करत होतास?" मी म्हणालो, रांग होती.

ते माझं तुझ्याशी बोललेलं पहिलं खोटं नव्हतं. पण त्या गोष्टीतलं पहिलं होतं.

*

पाच वर्षांनी एका वाहिनीनं मला टेलिफिल्म लिहायला दिली. 'मनासारखा मुक्काम'. धरणाकाठी एक रिसॉर्ट आहे. येणारा पाहुणा दारातच एका चिठ्ठीवर आपली एक इच्छा लिहून देतो, आणि मुक्काम संपायच्या आत रिसॉर्टवाले ती पुरी करून दाखवतात. एका निवृत्त कारकुनाला घोड्यावर बसून नवरदेव व्हायचंय. एका जोडप्याला पुन्हा अनोळखी होऊन भेटायचंय. तिसरी पाहुणी शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती माझ्या मोबाइलमध्ये पाच वर्षं बसून होती.

मी तुला विचारलं नाही, सांगितलं. पिंपळे गुरवच्या तुझ्या स्वयंपाकघरात तू कणीक मळत होतीस. मला वाटलं चिडशील. तू हात न थांबवता म्हणालीस, "माझं नाव नको."

"नाही नाही. सुमन नाव दिलंय."

"आणि शेवट बदलायचा नाही. बाकी तुला काय घालायचं ते घाल. ती दार लावते म्हणजे लावते."

"ताई, तोच तर जीव आहे गोष्टीचा."

"मग ठीक."

तू माझ्याकडून आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. तूच मला शिकवलंस, बाबांची कंपनी बंद पडल्यावर बारावीनंतर तूच कामाला लागलीस, मी कामगार नाट्यस्पर्धेत एकांकिका लिहायचो तेव्हा रात्रपाळी करून आल्यावर माझ्या गिचमिड अक्षराची सुवाच्य प्रत तूच काढून द्यायचीस. प्रत काढता काढता बडबडायचीस, "एवढं रडू नको दाखवूस रे बायांना. एवढं कोण रडतं? कामं असतात." मला राग यायचा. मी म्हणायचो, तुला नाटकातलं कळत नाही. हा वाद आपण पंचवीस वर्षं घातला, आणि आता कळतंय की माझ्या प्रत्येक संहितेतली जिवंत वाक्यं तू खोडता खोडता उरलेली होती.

चित्रीकरण चाकणच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठी एका खऱ्याच रिसॉर्टवर झालं. गुरुवारी तुमच्या कंपनीला सुट्टी, म्हणून तू शहनाजला घेऊन आलीस. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत असं सगळं युनिट जेवेल एवढं बांधून आणलंस. त्या दिवशी दाराचाच प्रसंग होता. सुमनचं काम करणारी बाई चांगली अभिनेत्री होती, पण ती दार आपटत होती. तीनदा आपटलं. दिग्दर्शकाला पटेना. तू कॅमेऱ्यामागं माझ्या शेजारी उभी होतीस, एकदम म्हणालीस, "आपटायचं नाही ओ ताई."

सगळे वळून बघायला लागले. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या अभिनेत्रीनं तुला जवळ बोलावलं. "मग कसं लावायचं? दाखवा ना."

तू पदर खोचलास आणि चौकटीत उभी राहिलीस. समोर नवऱ्याचं काम करणारा नट. तू त्याच्याकडे बघितलंस, नुसतं बघितलंस, आणि तो बिचारा खरोखरच एक पाऊल मागं सरकला. मग तू दार लावलंस. इतकं हळू, की फट बारीक होत जाताना दिसत होती. आणि आतून कडी घातलीस.

बाहेर येऊन म्हणालीस, "कडीचा आवाज त्याला ऐकू गेला पाहिजे. आपटलं तर त्याला वाटतं, अजून राग आहे, म्हणजे अजून काहीतरी आहे. काही नाही राहिलं, असं कळलं पाहिजे."

युनिटनं टाळ्या वाजवल्या. शहनाजनं शिट्टी मारली. जेवताना तू हसत होतीस, ठेचा वाढत होतीस, आणि मी इतक्या वर्षांत तुला एवढं हलकं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू अख्ख्या लाइनला सांगितलंस म्हणे. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधता बांधता चाळीस बायका दाराची वाट बघायला लागल्या.

*

आता ते सांगतो जे तुला कधी सांगितलं नाही.

कच्ची फिल्म बघून वाहिनीच्या कचेरीत बैठक झाली. तिथल्या बाई म्हणाल्या, सगळं छान आहे, शेवट जरा कोरडा वाटतोय, सणाच्या दिवसांत दाखवायचंय, काहीतरी ऊब हवी. एवढंच म्हणाल्या. 'बदला' असं कुणीही म्हणालं नव्हतं. दिग्दर्शक तर तुझ्या बाजूनं भांडत होता. "ती कडी म्हणजे या फिल्मचं सोनं आहे," असं तो म्हणाला. त्यानं आणखी पाच मिनिटं धरून ठेवलं असतं तर शेवट वाचला असता.

पण मला पुढची मालिका हवी होती. आणि त्याहून वाईट म्हणजे मला सुचलं. कुणी विचारायच्या आत मी म्हणालो, "तिनं कडी घातली, आणि मग स्वतःच काढली तर? तो बाहेर उंबऱ्यावर बसून रडतोय. ती दार उघडते आणि म्हणते, 'दाराचं काय, उघडंच असतं आपलं.'"

टेबलाभोवती सगळे "वा!" म्हणाले. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई, मला ते 'वा' आवडलं. घरी येताना मी ते परत परत आठवत होतो. तू आठवलीस तेव्हा मी मनाशी म्हणालो, ताईला नाटकातलं कुठं कळतं.

नवा शेवट आठवड्याभरात चित्रित झाला. तुला कळवायला माझ्याकडे दोन महिने होते. मी कळवलं नाही.

*

रविवारी दुपारी फिल्म लागली. तू रजा टाकली होतीस. शहनाज आली होती, लाइनवरच्या आणखी पाचसहा जणी, शेजारच्या काकू, आई, प्रणाली. चिवडा, सरबत, सतरंजी. मीही आलो, कारण न येणं जास्त संशयाचं झालं असतं. दाराचा प्रसंग आला तेव्हा सगळ्या तुझ्याकडे वळल्या. पडद्यावर सुमननं तुझ्यासारखं हळू दार लावलं. कडी वाजली. शहनाज ओरडली, "अरे वा शोभा!" तू ओठ मुडपून हसू दाबत होतीस.

मग संगीत बदललं. बाहेर नवरा उंबऱ्यावर बसला, हुंदके द्यायला लागला. आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

तुझं हसू लगेच गेलं नाही. तेच मला विसरता येत नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, खालून काहीतरी काढून घेतल्यासारखं. पडद्यावर सुमननं दार उघडलं, आपलं वाक्य म्हणाली, तो तिच्या पाया पडला, तिनं त्याला उठवून छातीशी धरलं. काकू रडल्या. आई तर इतकी रडली, की तिला पाणी द्यावं लागलं. शहनाज आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे असं कसं गं झालं?"

तू उठून स्वयंपाकघरात गेलीस आणि मिक्सर चालू केलास. भांडं रिकामं होतं. आवाजावरून कळत होतं.

सगळ्या गेल्यावर तू बाहेर आलीस. "शेवट कुणी लिहिला?"

"चॅनेलवाल्यांनी बदलला, ताई. माझ्या हातात नव्हतं. मी खूप भांडलो."

"भांडलास?"

"खूप."

तू मान हलवलीस. "जेवून जा," म्हणालीस. मी जेवून गेलो. भरपेट जेवलो, ताई.

*

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी, दाजी आले.

वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. त्या दुसऱ्या बाईच्या भावानं त्यांना रिक्षानं आणलं, इमारतीखाली पिशवीसकट उतरवलं आणि तो निघून गेला. उजवा पाय ओढत, कठड्याला धरून ते दोन मजले चढले. वीस मिनिटं लागली म्हणे. आवाजानं दारं उघडली, शेजारीपाजारी जिन्यात आले. काकूंनी त्यांना ओळखलं आणि तुझ्या दारावर थापा मारल्या, "शोभा, अगं बघ कोण आलंय! पिक्चरसारखंच झालं गं!"

तू दार उघडलंस. हे सगळं मला प्रणालीनं सांगितलं, ती त्या दिवशी घरी आली होती, मी नव्हतो तिथं. दाजी चौकटीशी वाकून उभे होते. म्हणाले, "पिक्चर बघितला. सुधीरनं लिहिलेला. कळलं मला."

तुझा हात दारावर होता. प्रणाली म्हणते, तू दार थोडं ढकललंही होतंस. जिन्यात आठदहा माणसं. कुणीतरी टाळी वाजवली. आणि आई तुझ्यामागून हळूच म्हणाली, "शोभे, जिना बघतोय."

तू बाजूला झालीस.

मला तू फोनवर एकच शब्द बोललीस, "ये." मी आलो. दाजी बाबांच्या जुन्या खुर्चीत बसले होते, हनुवटीवरून चहा ओघळत होता आणि तू तो पुसत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हा घे. तुझा पाहुणा आला मुक्कामाला."

मी म्हणालो, "ताई, काढ ना बाहेर. मी सोडून येतो कुठंतरी, एखादं शुश्रूषा केंद्र बघतो."

"बस," तू म्हणालीस. "समोर बस त्याच्या."

बाजूला का झालीस गं तू? मी नऊ महिने हा प्रश्न तुला विचारला नाही आणि आज इथं ओरडून विचारतोय. आयुष्यभर कुणाच्या बापाला भ्यायली नाहीस. सुपरवायझरनं एका पोरीला बाथरूमला जाऊ दिलं नाही, तेव्हा तू लाइन थांबवून उभी राहिलीस. दहा शेजाऱ्यांना घाबरलीस? एका टाळीला? मला तुझा राग आला, ताई. माझ्यामुळं तो माणूस दारात आला होता, आणि मी तुझ्यावरच रागावलो होतो. तू दार लावलं असतंस तर मी सुटलो असतो ना.

पहिले पंधरा दिवस मी रोज यायचो. तू मला चहा द्यायचीस आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवायचीस. पहिली पाळी करून यायचीस, हातपाय धुऊन लगेच त्यांना उठवायचीस, अंग पुसायचीस, भात कुस्करून भरवायचीस. त्यांच्याशी एक गोड शब्द नाही, एक उणा शब्द नाही. एकदा त्यांच्या लघवीचं भांडं माझ्या हातात दिलंस. "धर जरा." मी धरलं, आणि मला उमासा आला, तो तू बघितलास.

त्यानंतर मी येणं कमी केलं. मग बंदच. नवी मालिका मिळाली होती, त्या गोड शेवटाच्या जोरावर मिळाली होती. तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा एकच वाक्य, "येऊन जा एकदा." काम काय, ते सांगायची नाहीस. मी म्हणायचो, या गुरुवारी नक्की. तिसऱ्या फोननंतर तू फोन केला नाहीस.

*

पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं परत येत होतीस. शहनाज खिडकीशी, तू तिच्या शेजारी. मोशीपर्यंत तू तिच्याशी कोथिंबीर वाळू नये म्हणून काय करावं यावर बोलत होतीस, असं ती म्हणते. मग डोळे मिटलेस. नाशिक फाट्याला तिनं तुला हलवलं, "उठ, आलं." तू उठली नाहीस.

डॉक्टर म्हणाले, हृदय. शहनाज दवाखान्याच्या बाकावर तुझी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी रडत तिच्याजवळ गेलो. तिनं वर बघितलं, म्हणाली, "दादा, इथं नका रडू. तिकडं जाऊन रडा." आणि पिशवी माझ्या हातात न देता प्रणालीला दिली.

तिचं बरोबर होतं. मी तुझ्यासाठी नव्हतोच रडत.

*

पुण्यानुमोदनानंतरच्या चौथ्या दिवशी प्रणालीनं माझ्या चिंचवडच्या घराची बेल वाजवली. खाली गाडीत दाजी होते, सोबत दोन पिशव्या, औषधांचा डबा आणि एक प्लास्टिकची खुर्ची.

"मामा, आजीच्यानं हे होत नाही. मी मारुंजीला दोघींबरोबर एका खोलीत राहते. आणि मी करणारही नाही. तू बोलावलंयस त्यांना, तू सांभाळ."

"मी कुठं बोलावलं गं? चॅनेलनं..."

"मामा, बास." ती तुझ्यासारखीच बोलते, आवाज न चढवता. "'दाराचं काय, उघडंच असतं आपलं.' आजी म्हणते हे, कुणी न सांगता जेवायला आलं की. चॅनेलवाल्यांना आपल्या आजीचं वाक्य कुठून सुचणार? आई त्याच दिवशी म्हणाली मला, हे सुध्यानंच लिहिलंय. खोटं बोलला की पोटभर जेवतो तो, लहानपणापासून."

मग आम्ही दोघांनी मिळून दाजींना वर आणलं. ती पाणीही न पिता गेली.

तर ताई, आता मी करतो सगळं. अंग पुसतो. भात कुस्करतो. भांडं धरतो. उमासा येत नाही आता, आणि त्याचं मला कौतुक वाटून घ्यावंसं वाटतं, तेव्हा स्वतःचीच किळस येते. मालिकेवाल्यांना सांगितलंय, घरी आजारपण आहे. ते म्हणाले, घरून लिहा. मी लिहीत नाही.

काल गुरुवार होता. सकाळी मी त्यांची दाढी करत होतो. उन्हात खुर्ची ठेवली होती, गालाला साबण लावला होता. मला वाटलं, या माणसाला तरी खरं सांगावं. तो चौदा वर्षांच्या विरहाची गोष्ट उराशी धरून मरेल, ते बरं नाही. की मला हलकं व्हायचं होतं, कोण जाणे. मी म्हणालो, "दाजी, ताई तुमची वाट बघत होती, पण ते..."

"दार लावायला," ते म्हणाले.

माझा हात थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. पहिल्याच दिवशी. दुपारी... तू गेल्यावर."

"मग त्या दिवशी माईकवर तसं का बोललात?"

"लोक रडायला आले होते," ते म्हणाले. "तुलाच कळतं ते... माझ्यापेक्षा."

मी साबण पुसला. वस्तरा बाजूला ठेवला. त्यांना बोलायला वेळ लागतो, मध्ये लाळ गिळावी लागते, तरी मी आता जसंच्या तसं लिहितो. यावेळी फलाटाच्या टोकाला गेलो नाही, त्यांच्यासमोरच बसून ऐकलं.

"मी तिला विचारलं, मग आत का घेतलंस? म्हणाली, तुझ्यासाठी नाही. जिन्यासाठी पण नाही. सुध्यासाठी घेतलंय. त्यानं काय लिहून ठेवलंय, ते त्याला रोज समोर बसून बघू दे. शेवट आपणच लिहिला, हे त्यानं एकदा तोंडानं कबूल केलं... की तुला बाहेर काढते आणि दार लावते. म्हणाली, फार दिवस नाही लागणार. माझा भाऊ आहे, बोलेल."

त्यांच्या हनुवटीवरचं पाणी मी पुसलं.

"रोज कामावरून आली की दोन कप चहा टाकायची, एक तुझा," ते म्हणाले. "आणि तू तर येणंच बंद केलंस."